बाटली मुठीत धरणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

भाचीचा कानाच्या पडद्याच्या ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या महिन्याचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काल काढला. त्यात आकडा जितका लहान तितकं ऐकू चांगलं. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या आधी 40 डेसिबलच्या रेषेला लोंबत होत्या. आता 500 हर्ट्झला 20, 1000 ला 15 आणि 2000 ला 20 आहेत. हाडावाटे ऐकण्याची रेषा तेव्हाही 10 च्या आसपासच होती. म्हणजे आतला कान शाबूत होता आणि मधली 30 डेसिबलची दरी निव्वळ पडद्याच्या भोकाची होती. ती आता 10 च्या घरात आली आहे. असे कागद मी रोज काढतो, पण कालचा हातातून ठेववेना.

सर्जनसाहेबांना पेढे देऊन झाले. त्यांच्या हाताची तारीफ सगळा जिल्हा करतो, त्यात माझी भर नको. हे पत्र तुम्हाला आहे, आणि मुद्दाम उघडं लिहितो आहे. कारण वाचणाऱ्यांपैकी चार घरांत तरी एखादा वाहता कान असणारच, आणि तुम्ही ओपीडीच्या त्या कोपऱ्यातल्या टेबलावर काय करता हे तिथे कळायला हवं.

पोरगी पहिल्यांदा त्या टेबलावर कुशीवर झोपली तेव्हा 'थेंब' हा शब्द ऐकताच तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. थेंब पडले की खोली गरगरते, हे तिला आधीच्या तीन ठिकाणी पाठ झालेलं होतं. तुम्ही तिला काही समजावलं नाहीत, 'घाबरू नकोस' असंही म्हणाला नाहीत. ट्रेमधली सिप्रोफ्लॉक्सासिनची ती छोटी बाटली उचललीत, डाव्या मुठीत बंद केलीत आणि उजव्या हाताने पुढच्या पेशंटचा केसपेपर लिहीत राहिलात. दोन-तीन मिनिटं गेली. मग एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलात आणि नंतर कानात चार. खोली फिरली नाही. पोरीने कड सोडली आणि विचारलं, "झालं?"

एवढंच. पण या 'एवढंच'च्या मागे काय आहे ते सांगतो.

तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी आडवी नळी मधल्या कानाच्या भिंतीला अगदी खेटून असते. गार थेंब तिच्याजवळ पोचले की आतला द्रव एका बाजूने गार होतो, गार म्हणून जड होतो आणि खाली सरकतो. मान जागची हललेली नसते, पण मेंदूला खबर जाते की डोकं फिरतं आहे. डोळे एका बाजूला लपलपायला लागतात, पोटात ढवळतं. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नातल्या डॉक्टरने कान धुताना पेशंटना येणारी ही चक्कर नीट पाहिली आणि गार-गरम पाण्यात फरक शोधून काढला. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या त्याच्या कामाला 1914 चं नोबेल मिळालं. आजही चक्करच्या तपासणीत कानात 30 आणि 44 अंशांचं पाणी सोडतात, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा 7 अंश कमी आणि 7 अंश जास्त. तेवढा फरक पुरतो. पडद्याला भोक असेल तर थेंब थेट आत जातात, मग तर विचारायलाच नको. आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवलेली असली तर काय होईल ते ज्याचं त्याने ताडावं.

गंमत म्हणजे चक्कर आली की आपल्याकडे 'औषध उष्ण पडलं' असं म्हणतात. पडलेलं असतं ते गार. मग बाटली फळीवर जाते, तिसऱ्या दिवशी औषध बंद, कान वाहताच, आणि ऑपरेशनची तारीख पुढे. तुमच्या मुठीने ही सगळी साखळी पहिल्या कडीलाच तोडली. (घरी करणाऱ्यांसाठी: मूठ किंवा काख पुरे. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवू नका. जास्त तापले तर ते थेंबही चक्कर आणतात आणि कातडी भाजते ती वेगळी.)

आता आधीच्या तीन ठिकाणांबद्दल. नावं घेत नाही, पण राग गेलेला नाही.

पहिल्या ठिकाणी 'मळ साचलाय' म्हणून पिचकारीने पाणी मारलं. मळाच्या मागे पडदा आहे की भोक, हे पाहायची तसदी कुणी घेतली नाही. पडदा शाबूत असल्याची खात्री नसेल तर पाण्याची पिचकारी मारायचीच नसते. बाहेरच्या नळीतले जंतू पाण्याबरोबर मधल्या कानात जातात आणि कोरडा कान दोन दिवसांत वाहायला लागतो. तसाच तो वाहिला.

दुसऱ्या ठिकाणी जेंटामायसिनचे थेंब लिहून दिले आणि कधी थांबवायचे हे सांगितलं नाही. महिनोन्‌महिने तीच चिठ्ठी. या जातीची औषधं भोकातून आतल्या कानापर्यंत झिरपली तर तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींना मारू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पडदा शिवता येतो, केसपेशी नाही. पोरीची हाडाची रेषा 10 वर राहिली हे नशीब. शिवाय जंतुनाशक थेंब लांबले की बुरशी माजते. ओल्या टीपकागदासारखा पांढुरका थर, त्यावर काळे ठिपके आणि जीव नकोसा करणारी खाज. पावसाळ्यात तर हा प्रकार ओपीडीत रांगेने येतो.

तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, 'मोठी झाली की आपोआप भरेल.' हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. थप्पड बसून, फटाका फुटून किंवा विहिरीत मुटका मारताना कान पाण्यावर आपटून पडलेलं ताजं भोक बहुतेक वेळा आपणहून भरतं, काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत. त्याला थेंबही लागत नाहीत, फक्त पाणी जाऊ द्यायचं नाही आणि नाक जोरात शिंकरायचं नाही. पण लहानपणापासून वाहणाऱ्या कानाचं भोक वेगळं. त्याच्या काठावर बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर येऊन एकमेकांना भेटलेले असतात, म्हणजे शरीराच्या हिशेबी ती जखम बरी झालेली असते. कानाची पाळी टोचली, भोक मुरलं, की ते बुजत नाही ना, तसं. म्हणूनच ऑपरेशनमध्ये सगळ्यात आधी त्या भोकाची कड गोलाकार खरडून ताजी करतात. वाट पाहून तिथे काही भरत नाही.

घरच्यांनाही सोडत नाही. लसूण कढवलेलं तेल आमच्याकडेही गेलं त्या कानात. सिस्टर, तुम्ही तेव्हा पोरीच्या आजीला बोल लावला नाहीत. 'आजी, तेल आता माझ्या डोक्याला लावा' म्हणालात आणि विषय संपवलात. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आजीने ऐकलं नसतं.

थेंबांच्या आधीचं काम तर मी तासभर पाहत उभा राहिलो असतो. कान पुसणं म्हणजे काय, हे लोकांना इअरबडमुळे माहीतच नाही. तुमच्या सळईला एका टोकाला बारीक आटे आणि दुसऱ्या टोकाला कडी. चिमूटभर कापूस डाव्या हाताच्या बोटांवर तलम पसरायचा, आट्यांचं टोक कडेपासून थोडं आत ठेवायचं, म्हणजे धातूच्या पुढे अर्धा सेंटिमीटर नुसता मऊ शेंडा राहतो. मग बोटांत कापूस धरून सळई फिरवायची. फुलवात वळताना बायका शेंडा जसा ठेवतात, हुबेहूब तसा. आवळून वळला तर टोचतो, सैल राहिला तर कापूस आत सुटतो. कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते (तान्ह्या बाळाची खाली आणि मागे). शेंडा टेकवायचा, पू शोषू द्यायचा, बाहेर काढायचा. घासायचं नाही. पोरीला मध्येच ठसका लागला तेव्हा तुम्ही हात थांबवलात आणि म्हणालात, "कानाची एक नस घशापर्यंत जाते, खोकून घे." व्हेगस नावाच्या त्या नसेच्या फांदीचं एवढं सोपं वर्णन मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पहिली वात पिवळी, दुसरी पिवळी, चौथी नुसती ओलसर, सातवी कोरडी. मग थेंब. पुवावर थेंब टाकणं म्हणजे भिंतीचं पोपडं न काढता चुना मारणं. थेंब टाकल्यावर गालाकडचं, कानाच्या तोंडावरचं ते कुर्चेचं लहान टोक चार-पाच वेळा आत दाबायचं, म्हणजे औषध आत ढकललं जातं, आणि पाच मिनिटं त्याच कुशीवर पडून राहायचं. घरी सळई देता येत नाही, म्हणून पोरीच्या आईला तुम्ही टिश्यू पेपरची वात वळायला शिकवलीत. टोक आत सरकवायचं, मिनिटभर ठेवायचं, भिजलं की काढून दुसरं. कोरडं टोक बाहेर येईपर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा. दहा दिवसांत कान थांबला.

साहेबांची अट होती की कान तीन आठवडे तरी कोरडा राहिला पाहिजे, मगच तारीख. ही अट पोरीच्या घरच्यांना चालढकल वाटली होती, म्हणून कारण लिहितो. पडद्याच्या जागी जे लावतात ते कानाच्या वरच्या बाजूच्या, चावताना फुगणाऱ्या स्नायूवरचं पातळ पांढरं वेष्टन असतं. कानामागच्या त्याच चिरेतून ते काढता येतं. काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. लावल्यावर पहिले काही दिवस ते नुसतं काठावरच्या ओलाव्यावर तग धरतं, मग भोकाच्या काठावरच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्याच्यावरून सरकत येतात. म्हणजे तो मांडव आहे, वेल काठावरून चढायचा असतो. त्या दिवसांत पू झाला की मांडवच कुजतो.

ऑपरेशनचं सविस्तर वर्णन करत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. पण तो तुकडा स्टीलच्या ठोकळ्यावर पसरून दिव्याखाली वाळवतात, तेव्हा त्याचा बटर पेपरसारखा करकरीत पापुद्रा होतो आणि मगच तो भोकाच्या आतल्या बाजूने नीट सरकवता येतो, हे ऐकून पोरगी सगळ्या वर्गाला सांगत फिरते. मूळ पडदा जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचा, व्यास नऊ-दहा मिलिमीटर, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. तेवढ्यासाठी माणसाने काय काय केलं! 1640 मध्ये बांझर नावाच्या जर्मन वैद्याने हस्तिदंती नळीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची चामडी ताणून ती कानात बसवली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टॉयन्बीने चांदीच्या तारेवर रबराची चकती बसवली. भोक खऱ्या अर्थाने बुजवायला 1950 चं दशक उजाडावं लागलं, जेव्हा जर्मनीत वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे तुकडे लावायला सुरुवात केली. स्नायूचं वेष्टन त्याच्याही नंतरचं.

आणि एक गोष्ट. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरत असतील तर तुकडा बसवायच्या आधी ते बंद करतात, कारण तो वायू मधल्या कानाच्या पोकळीत शिरून फुगतो आणि नवा पडदा उचलून टाकतो. पोरीला तो वायू दिलाच नव्हता. तरीही थिएटरमध्ये शिरताना तुम्ही भूलतज्ज्ञांना आठवण केलीत, असं त्यांनीच हसत सांगितलं.

ज्या गोष्टी डिस्चार्ज कार्डावर दीड ओळीत मावतात, त्या तुम्ही खाटेच्या कडेला बसून सांगितल्यात, आणि ज्या बाजूने तिला ऐकू येतं त्या उजव्या बाजूला बसून. डाव्या कानात औषधी पट्टी आणि विरघळणारा जेलफोम ठासलेला आहे, तेव्हा काही आठवडे आधीपेक्षाही कमी ऐकू येईल, घाबरायचं नाही. आत टकटक, बुडबुड असे आवाज येतील. जिभेच्या त्या बाजूला पैसा चघळल्यासारखी चव लागेल, कारण चवीची नस पडद्याच्या मागूनच जाते. पाळीचा वरचा भाग काही महिने बधिर राहू शकतो. पहिले काही दिवस बोळा लालसर होईल, तो चालेल. पिवळा, वास येणारा झाला, ताप चढला, चक्कर थांबेना किंवा तोंड वाकडं झालं, तर फोन नाही करायचा, गाडीत बसून यायचं.

अंघोळीच्या बोळ्याचं तर तुम्ही प्रात्यक्षिकच दिलंत. कोरडा कापूस पाणी अडवत नाही, शोषून आत नेतो. कापसाचा सुपारीएवढा बोळा व्हॅसलीनमध्ये असा मळायचा की कुठेही पांढरा कोरडा धागा दिसता कामा नये, आणि तो नळीत कोंबायचा नाही, कानाच्या वाटीत बसवायचा. डोकं दुसऱ्याने धुवायचं, मान मागे टाकून. अंघोळ झाली की बोळा फेकायचा, उद्या नवा.

यातलं एकही कलम चुकलं की काय होतं ते आम्ही ऑडिओमेट्रीच्या खोलीत पाहतो. चांगल्या हातांत दहातले नऊच्या आसपास पडदे धरतात. उरलेल्यात सर्दी, नाकामागच्या नळीचा बिघाड आणि पुढच्या कडेला असलेलं मोठं भोक ही कारणं माणसाच्या हाताबाहेरची. पण नाक शिंकरल्यामुळे हवेच्या दाबाने तुकडा सरकणं, पाण्याने पू होणं, विडी-सिगरेट चालू ठेवणं, ही हातातली. ती कारणं थिएटरमध्ये घडत नाहीत, घरी घडतात. तिथपर्यंत पोचतो तो तुमचा आवाज. एका सकाळी दीडशे केसपेपर निघणाऱ्या ओपीडीत तुम्हाला तो चढवायला कितीतरी निमित्तं असतात. बहिऱ्या माणसावर सगळेच ओरडतात, घरचे, कंडक्टर, मास्तर. ओरडल्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही. समोर येऊन, ओठ दिसतील असं, नेहमीच्या आवाजात बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक वेळा इतकाच असतो, पण तो करायला समोरच्याचा कोणता कान बरा आहे हे आधी लक्षात ठेवावं लागतं.

पुढच्या महिन्यात नर्सिंगच्या मुलींची नवी बॅच तुमच्याकडे येते आहे असं कळलं. एक विनंती. त्यांना सळई, कापूस, ट्रे सगळं शिकवालच. बाटली मुठीत धरायचंही सांगा. ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसेल, कारण तुम्ही ते न बोलता करता.

पोरीची तब्येत उत्तम. विहीर अजून बंद आहे, साहेब हो म्हणेपर्यंत. 'शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक दाबायचं नाही' हे तुमचं वाक्य तिने असं मनावर घेतलं आहे की तीन महिने उलटले तरी घर हादरेल अशी शिंकते. परवा पाहुण्यांसमोर शिंकली. आजी म्हणाली, "अगं, मुलीच्या जातीने जरा हळू." त्यावर पोरगी म्हणाली, "सिस्टरांनी सांगितलंय." आजी गप्प.

आपला,
डाव्या कानवालीचा मामा